आता आपणच जुळारी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

अक्षरं कशी दिसावीत या विषयावर नभोवाणीवरून बोलायचं म्हणजे फोनवरून रांगोळी समजावून सांगण्यासारखं आहे. पण एक सोय आहे. छापलेला कागद नाही असं घर आता उरलेलं नाही. सोसायटीची नोटीस, शाळेचं परिपत्रक, विम्याचं पत्र, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, यातलं काही ना काही आपल्या हाताशी असेलच. ते समोर घेऊन बसलात तर माझं बोलणं सोपं होईल. हे सगळे कागद आता संगणकावर तयार होतात, आणि ते तयार करणारे बहुतेक लोक तुमच्या-माझ्यासारखेच असतात. कुणी सोसायटीचा सचिव असतो, कुणी शिक्षक, कुणी वकिलाकडचा कारकून, कुणी प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी. त्यांना मजकूर लिहायला शिकवलेलं असतं. तो कागदावर मांडायला मात्र कुणी शिकवलेलं नसतं.

माझी सुरुवात छापखान्यात झाली. खिळे जुळवणारा, म्हणजे जुळारी म्हणून. समोर लाकडी केस, तिच्यात शेकडो खण, एकेका खणात एकेक अक्षर. डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हातानं खिळा उचलायचा आणि उलट्या अक्षरांची ओळ भरत जायची. मराठीला नुसती मुळाक्षरं पुरत नाहीत. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार असा सगळा गोतावळा लागतो. नव्या पोराचे पहिले काही महिने खण पाठ करण्यातच जात. पण त्याच महिन्यांत आणखी एक गोष्ट नकळत अंगात मुरत असे. ओळ किती लांब असावी, दोन ओळींत किती पोकळी सोडावी, शीर्षकाच्या वर जागा जास्त आणि खाली कमी का ठेवायची, परिच्छेदाची शेवटची एकुलती एक ओळ पुढच्या पानावर का ढकलायची नाही, हे मास्तर ओरडून ओरडून सांगत. त्याला कुणी शास्त्र म्हणत नसे. 'काम नीट कर' एवढंच म्हणत.

या 'नीट'ला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू त्यांच्यासोबत होते. निर्णयसागरची देवनागरी अक्षरं इतकी सुबक, की संस्कृत ग्रंथ छापायचा तर तो तिथंच, असा लौकिक झाला. ही माणसं विद्यापीठात शिकलेली नव्हती. वाचणाऱ्याचा डोळा कुठं अडखळतो आणि कुठं सरळ धावतो, हे त्यांनी हातानं काम करून ओळखलं होतं.

१९८५ साली चित्र बदललं. ॲपलचा मॅकिंटॉश संगणक आणि लेझर छपाईयंत्र, ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पान वर्णन करण्याची भाषा आणि आल्डस कंपनीचं पेजमेकर, या गोष्टी एकत्र आल्या आणि टेबलावर बसून पूर्ण पान तयार करता येऊ लागलं. यालाच आपण डीटीपी म्हणू लागलो. पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या छापखान्यांतल्या केसेस भंगारात गेल्या. मी स्वतः खिळे सोडून कळफलकावर आलो. त्याचं मला दुःख नाही. शिशाच्या धुळीत आयुष्य काढावं असं कुणालाही वाटत नव्हतं. पण एक गोष्ट तेव्हा झाली, तिच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. पूर्वी लिहिणारा एक, जुळवणारा दुसरा, तपासणारा तिसरा आणि छापणारा चौथा असे. आता चौघांचं काम एकाच माणसाकडे आलं. संगणकानं जुळाऱ्याचं काम आपल्या हातात दिलं. जुळाऱ्याचं शिक्षण मात्र दिलं नाही.

याचा परिणाम काय होतो ते एका पत्राच्या गोष्टीतून सांगतो.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. पंचवीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. यजमान गेल्यावर त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागलं. एका वर्षी त्या कार्यालयाकडून पत्र आलं. काकूंनी ते दोनदा वाचलं, भिंग घेऊन वाचलं आणि नीट घडी घालून पिशवीत ठेवून दिलं. जानेवारीत पैसे आले नाहीत. फेब्रुवारीतही नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं की हयातीचा दाखला एका ठरावीक तारखेपर्यंत, या वर्षी नव्या ठिकाणी, द्यायचा होता. "पत्रात सगळं लिहिलंय की, बाई," असं खिडकीतल्या माणसानं सांगितलं. आणि ते खरं होतं. पत्रात सगळं लिहिलेलं होतं.

मी ते पत्र पाहिलं. पूर्ण पानभर एकच परिच्छेद. ओळी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. अक्षर बारीक, ओळी एकमेकींना खेटलेल्या. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसलेला. सात ठिकाणी ठळक अक्षरं, त्यातली तीन अधोरेखित, आणि त्या सातांत शासकीय निर्णयाचा क्रमांक होता, विभागाचं नाव होतं, 'कृपया नोंद घ्यावी' हे होतं. तारीख नव्हती. तारीख सोळाव्या ओळीत होती, आणि तीही तुटलेली. '३०' हा आकडा ओळीच्या शेवटी आणि 'नोव्हेंबर' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. पत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, व्याकरणाची चूकही फारशी नव्हती. पण ज्या एका गोष्टीसाठी ते पत्र पाठवलं होतं, तीच दिसत नव्हती. काकूंचे तीन महिन्यांचे पैसे अडकले ते यामुळे. पुढे ते मिळाले, पण तोवर त्यांनी औषधासाठी उसने घेतले होते आणि आयुष्यभर मुलांचे पेपर तपासलेल्या बाईंना 'आपल्याला आता वाचता येत नाही' असं वाटू लागलं होतं.

कागद नीट मांडणं हा हौसेचा किंवा सजावटीचा भाग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मी हे सांगितलं. लग्नपत्रिका वाईट दिसली तर लोक हसतील. पण नोटीस वाईट मांडली तर कुणाचा तरी हक्क जातो.

मी संगणकावर लेखन करणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा छोटा वर्ग घेतो. त्या वर्गात पहिल्या तासाला हेच पत्र, नाव-पत्ता झाकून, सगळ्यांना वाटतो आणि ते नव्यानं मांडायला सांगतो. शब्द शक्यतो बदलायचे नाहीत. रंग नाही, चित्र नाही, चौकटी नाहीत. ते काम कसं होतं ते क्रमानं सांगतो, कारण संगणकावरच्या अक्षरजुळणीचे बहुतेक सगळे धडे त्यातच येऊन जातात.

पहिली पायरी संगणकाला हात न लावता. वाचणाऱ्यानं काय करायचं आहे, हे एका वाक्यात लिहायचं. मग पत्रातल्या मजकुराचे तुकडे पाडायचे: काय द्यायचं, कधीपर्यंत, कुठं आणि सोबत काय आणायचं. एका परिच्छेदाचे चार लहान परिच्छेद झाले आणि प्रत्येकाला दोन-तीन शब्दांचं शीर्षक मिळालं, की निम्मं काम झालं.

दुसरी पायरी, टंकलेखन यंत्राच्या सवयी सोडणं. टाइपरायटरला एकाच मापाचं अक्षर होतं, म्हणून ठसवण्यासाठी खाली रेघ मारावी लागे. जागा सोडायला दोनदा एंटर आणि उजवीकडे सरकवायला वीस वेळा स्पेस, याशिवाय उपायच नव्हता. ते यंत्र गेलं, सवय राहिली. संगणकावर या प्रत्येक कामाला स्वतंत्र सोय आहे. परिच्छेदानंतर किती जागा हवी ते आकड्यात सांगता येतं. नवं पान हवं असेल तर एंटर दाबत बसायचं नाही. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की झालं. रकान्यांत मजकूर हवा असेल तर तक्ता किंवा टॅब वापरायचा. स्पेस मारून लावलेली रांग दुसऱ्याच्या संगणकावर गेली की मोडते.

तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची. वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये 'स्टाइल' नावाची सोय असते. शीर्षक निवडून त्याचं अक्षर मोठं करायचं, ठळक करायचं, ही झाली रंगरंगोटी. त्याऐवजी 'हे शीर्षक आहे' असं संगणकाला सांगायचं, ही झाली स्टाइल. फरक वरवर दिसत नाही. पण दोनशे पानांच्या प्रबंधात सगळी शीर्षकं बदलायची वेळ आली, तर रंगरंगोटी करणाऱ्याला दोन दिवस लागतात आणि स्टाइल वापरणाऱ्याला एक मिनिट. अनुक्रमणिका आपोआप तयार होते. शीर्षक पानाच्या तळाशी एकटं लटकत राहत नाही. ते आपल्या परिच्छेदाला धरून पुढच्या पानावर जातं. मास्तर जे ओरडून सांगत, ते ही सोय न ओरडता करते. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. स्टाइल ठरवताना देवनागरीसाठी अक्षर आणि त्याचं माप वेगळ्या चौकटीत निवडावं लागतं. ती चौकट रिकामी सोडली की इंग्रजी अक्षर बदलतं आणि मराठी जिथल्या तिथं राहतं.

चौथी पायरी माप. वाचताना डोळा ओळीच्या शेवटाला जाऊन परत पुढच्या ओळीचं तोंड शोधतो. ओळ फार लांब झाली की तो चुकतो, तीच ओळ पुन्हा वाचतो किंवा एखादी गाळतो. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट या कॅनडातल्या कवीनं १९९२ साली अक्षररचनेवर एक पुस्तक लिहिलं, ते या विषयात आजही प्रमाण मानतात. इंग्रजीसाठी त्यानं एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं हे माप दिलं आहे. मराठीसाठी मी सोपा हिशोब सांगतो: दहा-बारा शब्द. ए-फोर आकाराचा कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना नेहमीचा एकेक इंच समास सोडला तर ओळ जवळजवळ १६ सेंटिमीटरची होते आणि तिच्यात १४-१५ शब्द बसतात. समास साडेतीन सेंटिमीटर करा, अक्षर १३ पॉइंटचं करा, ओळ लगेच आवाक्यात येते. कागद वाया जातो अशी तक्रार होते. न वाचला गेलेला कागद हा पूर्णच वाया गेलेला असतो, असं मी उत्तर देतो.

ओळींमधल्या अंतराचंही तसंच. खिळ्यांच्या जमान्यात दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या सरकवत. इंग्रजीत शिशाला लेड म्हणतात, म्हणून आजही या अंतराला 'लेडिंग' म्हणतात. रोमन लिपीला थोडी पोकळी पुरते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, असा दुमजली संसार असतो. तिला श्वास घ्यायला जागा लागते. १२ पॉइंटचं अक्षर असेल तर ओळीची उंची १८ ते २० पॉइंट ठेवा. मराठी मजकुरात इंग्रजी शब्द आले की काही ओळी आपोआप जास्त उंच होतात आणि पान डुचमळल्यासारखं दिसतं. तिथं ओळीची उंची निश्चित आकड्यात बांधून घ्यावी. पण फार कमी बांधली तर वेलांट्यांची डोकी उडतात, तेही पाहावं.

पाचवी पायरी ठसवणं. पानात सात गोष्टी ठळक असतील तर एकही ठळक नसते. या पत्रात एकच गोष्ट ठळक करायची, ती म्हणजे तारीख. आणि ती तुटू द्यायची नाही. '३०' आणि 'नोव्हेंबर' यांच्यामध्ये साधी स्पेस न देता कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबलं, की न तुटणारी जागा मिळते. 'डॉ.' आणि आडनाव, 'रु.' आणि रक्कम, 'कलम' आणि त्याचा क्रमांक, अशा जोड्या याच गाठीनं बांधाव्यात.

सहावी पायरी, ओळींची उजवी कड. दोन्ही कडा सरळ केलेलं पान रुबाबदार दिसतं म्हणून सगळे ते बटण दाबतात. मराठी शब्द लांब असतात आणि आपल्या नेहमीच्या कागदपत्रांत ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची सोय बहुधा चालू नसते. मग संगणक शब्दांमधल्या जागा ताणतो आणि पानात वरून खाली पांढऱ्या वाटा पडतात. पत्रासाठी, नोटिशीसाठी डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवणं उत्तम.

एवढं केल्यावर ते पत्र त्याच एका पानावर बसतं. वर्गातले लोक जुनं आणि नवं शेजारी ठेवून पाहतात आणि गप्प होतात, कारण शब्द जवळजवळ तेच असतात.

आता थोडं आपल्या लिपीविषयी. इंग्रजी पुस्तकांतले नियम जसेच्या तसे उचलून चालत नाहीत. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेद नाही, म्हणून शीर्षक उठून दिसायला अक्षराचं माप, वजन आणि भोवतालची मोकळी जागा एवढ्यावरच भिस्त असते. तिरपं अक्षर ही रोमन लिपीची परंपरा. मराठीवर ते बटण दाबलं की संगणक बहुतेक वेळा सरळ अक्षर नुसतं कलतं करतो; पुस्तकाचं नाव दाखवायला त्यापेक्षा अवतरणचिन्हं बरी. अक्षरांमध्ये जागा वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ती युक्ती इंग्रजीसाठीच ठेवावी.

मराठीची स्वतःची काही अक्षरवळणं आहेत. आपला 'ल' पाकळ्यांचा आणि 'श' देठाचा. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं ही वळणं प्रमाण ठरवली आणि २०२२ साली त्या निर्णयात सुधारणा करून तो पुन्हा काढला. अनेक चांगल्या टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये, मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली आणि वापरत असलेल्या प्रणालीत ती सोय असली, तर आपली वळणं आपोआप येतात. आपण भाषा निवडतच नाही आणि मग 'फॉन्ट हिंदी आहे' म्हणून नावं ठेवतो.

आणखी एक गंमत. 'आचार्यांना जेवायला बोलावले' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बोलावले' या दोन वाक्यांतला फरक फक्त 'र'च्या एका वळणाचा आहे. एकात विद्वान जेवायला येतात, दुसऱ्यात स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. घाईत टाइप करणारा एकासाठी दुसरा वापरतो. तसंच विसर्गाचं. 'दुःख' लिहिताना बरेच जण विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन दाबतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण संगणकाच्या लेखी तो शब्द मोडला. पुढे कुणी 'दुःख' शोधू लागलं तर ते सापडणार नाही.

इथं दिसण्याच्या पलीकडचा प्रश्न सुरू होतो. संगणकात मराठी आली तेव्हा बरीच वर्षं एक तोडगा चालला. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेले फॉन्ट वापरले जात. पडद्यावर 'क' दिसे, आत मात्र इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह साठवलेलं असे. जणू मुखवटा घातलेला नट. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळून पडे आणि पानभर अगम्य चिन्हं दिसत. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. विंडोज २००० या प्रणालीबरोबर 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला. तो केला होता आपल्याच र. कृ. जोशी यांनी, म्हणजे सुलेखनकार आणि कवी असलेल्या माणसानं. २००८ साली ते गेले. पण नंतरही असंख्य मराठी माणसांनी संगणकावरचं आपलं पहिलं मराठी वाक्य त्यांच्या अक्षरांत पाहिलं.

तरीही जुन्या मुखवट्याच्या फॉन्टमध्ये आजसुद्धा काम चालू असलेलं मी पाहतो. छापून हातात दिलं तर काही बिघडत नाही. पण फाइल पाठवली तर? माझ्या वर्गात एक अंध शिक्षक आले होते. त्यांचा संगणक पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. युनिकोडमधलं मराठी तो छान वाचतो. शीर्षकांना स्टाइल दिलेली असेल तर ते एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारून हवा तो भाग गाठतात. आम्ही त्यांना जुन्या फॉन्टमधलं एक परिपत्रक दिलं. संगणक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नावं बरळू लागला. सर म्हणाले, "हे तुमच्यासाठी मराठी आहे. माझ्यासाठी कोरा कागद आहे." स्टाइल, भाषा आणि युनिकोड या तीन गोष्टी मी का लावून धरतो, हे त्या दिवशी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटलं तर डोनाल्ड नुथ यांची आठवण ठेवावी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हाती आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांची होती, देखणी होती. नवीन तंत्रानं केलेलं काम त्यांना पाहवेना. गणिताची समीकरणं तर फारच ओबडधोबड. त्यांनी हातातलं लेखन बाजूला ठेवलं आणि अक्षरजुळणीसाठी स्वतःच 'टेक' नावाची प्रणाली लिहायला घेतली. वर्षभरात होईल असा अंदाज होता. जवळजवळ दहा वर्षं लागली. ओळ कुठं तोडायची हे ठरवताना ती प्रणाली एकेक ओळ न पाहता सगळा परिच्छेद एकदम पाहते, जसा अनुभवी जुळारी पाहत असे. ती त्यांनी सगळ्यांना मोफत दिली. गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे कितीतरी शोधनिबंध आज तिच्यातच जुळवले जातात. तिचाच एक अवतार, २००४ साली आलेला 'झीटेक', युनिकोड मराठीही उत्तम जुळवतो.

आपल्याला दहा वर्षं द्यायची गरज नाही. दोन दिवसांत नियम कळतात आणि सहा महिन्यांत हात बसतो. महागडी प्रणाली लागत नाही. वर्ड असेल तर पुरे, नसेल तर लिबरऑफिस फुकट मिळतं. पुस्तक करायचं असेल तेव्हा इनडिझाइन किंवा मोफत मिळणारं स्क्रायबस शिकावं. 'मुक्त', 'नोटो', 'टिरो देवनागरी मराठी' असे चांगले फॉन्टही विनामूल्य आहेत. एका कागदात एक, फार तर दोन फॉन्ट वापरावेत.

शिकण्याची रीत जुनीच आहे. आपल्याला वाचायला सुखाचं वाटतं असं एखादं मराठी पुस्तक घ्या. पट्टी घेऊन त्याचे समास मोजा, ओळीतले शब्द मोजा, पानातल्या ओळी मोजा. मग त्यातलं एक पान संगणकावर हुबेहूब उतरवायचा प्रयत्न करा. पहिल्या प्रयत्नात जमणार नाही. का जमलं नाही ते शोधताना जे कळतं, ते कुठल्याही वर्गात कळत नाही. पुढे जायचं असेल तर बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवर १९७१ साली लिहिलेला तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ मोठ्या ग्रंथालयात पाहायला मिळतो. महाराष्ट्राच्या शासकीय मुद्रणालयांचा कारभार पाहिलेल्या माणसानं केलेलं ते काम आहे.

आणि शेवटची परीक्षा पडद्यावर घ्यायची नाही. कागद छापा आणि ज्याच्यासाठी तो लिहिला आहे तशा कुणाला तरी द्या. आपण काही बोलायचं नाही. "यात तुम्हाला काय करायला सांगितलंय?" एवढंच विचारायचं आणि त्यांचं बोट कुठं थांबतं ते पाहायचं. बोट जिथं घोटाळलं, तिथं आपलं काम बाकी आहे. वाचणाऱ्याला 'नीट वाचा' म्हणण्याआधी आपण नीट मांडलं आहे का, हे पाहण्यासाठी पूर्वी छापखान्यात एक माणूस बसलेला असे. आता तिथं कुणी नाही. ती खुर्ची आपल्या घरात, आपल्या संगणकासमोर आली आहे, आणि आपण रोज तिच्यावर बसतो.